ऊन तापायलंय, पण त्यात ओझोनचा दोष नाही

परभणीत माझ्या मामेभावाचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. एप्रिल-मे ही त्याची सुगी. मागच्या उन्हाळ्यात दुपारी त्याच्या दुकानात बसलो होतो. एक गिऱ्हाईक घाम पुसत आलं आणि बसता बसता म्हणालं, "लई तापायलंय यंदा. ते ओझोनला भोक पडलंय नं, त्याच्यामुळं." मामेभावानं मान डोलावली. शेजारचा चहावालाही म्हणाला, "हां, भोक मोठं व्हायलंय म्हणे."

मी विज्ञान शिकवतो, त्यामुळं मला गप्प बसवेना. पण दोष त्या तिघांचा नाही. दर वर्षी १६ सप्टेंबरला, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या दिवशी, शाळाशाळांत ओझोन दिनाची चित्रं लागतात. त्यात पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर असतो आणि डोक्यावर भोक पडलेली छत्री. चित्र काढणाऱ्या पोरानं दोन वेगळ्या गोष्टी एकाच कागदावर काढल्या की बघणाऱ्याच्या डोक्यात त्या कायमच्या चिकटतात.

आपल्याला जे ऊन भाजतं, ते मुख्यतः डोळ्यांना दिसणारा प्रकाश आणि त्याच्या पलीकडचे अवरक्त किरण यांचं काम. ओझोन अडवतो ते अतिनील किरण. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत त्यांचा वाटा अगदी थोडा, आणि ते अंगाला गरम लागत नाहीत. ढगाळ, गार दिवशीही कातडी काळवंडू शकते, ती म्हणूनच. पृथ्वी तापतेय ती कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनसारख्या वायूंमुळं. जमिनीवरून परत जाणारी उष्णता ते अडवून ठेवतात. आणि ते 'भोक'? ते पडतं अंटार्क्टिकावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात. परभणीवर नाही, आणि मे महिन्यात तर नाहीच. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांच्या उष्ण पट्ट्यात एकूण ओझोनमध्ये फारसा फरक पडलेलाच नाही.

असं असेल तर आपल्याला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. संबंध आहे, पण तो दुसऱ्याच वाटेनं येतो. ती वाट मामेभावाच्या दुकानातून जाते आणि शेतातल्या युरियाच्या पोत्याजवळूनही.

आधी ओझोन म्हणजे काय ते बघू. वीज कडाडून गेल्यावर किंवा वेल्डिंगच्या दुकानाजवळ एक तिखट, नाकात झोंबणारा वास येतो, तो ओझोनचा. १८४० साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं त्याला नाव दिलं, तेही ग्रीक भाषेतल्या 'वास येणे' या शब्दावरून. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. तिसरा अणू घरात टिकून राहत नाही. संधी मिळाली की बाहेर पडतो आणि समोर येईल त्याला जाऊन चिकटतो. म्हणून जमिनीजवळचा ओझोन फुप्फुसांना आणि पिकांना बाधतो. वाहनांच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडून तो तयार होतो, आणि सोयाबीन हे त्याला चांगलंच संवेदनशील असलेल्या पिकांपैकी एक आहे. खाली उपद्रवी असलेला हाच वायू वर आपला राखणदार आहे.

वर म्हणजे किती वर? छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा किल्ला साधारण १५ किलोमीटर, वेरूळ ३०. हाच रस्ता उभा करून आभाळात लावला, तर दौलताबादच्या आसपास ओझोनचा थर सुरू होतो आणि वेरूळ मागं टाकून थोडा पुढं जातो. एवढ्या जाड पट्ट्यात ओझोन मात्र इतका विरळ असतो की तो सगळा गोळा करून जमिनीवरच्या दाबाखाली आणला, तर जेमतेम ३ मिलिमीटरचा थर होईल. ज्वारीचा बारीक दाणा घ्या, तेवढा. या जाडीच्या मोजमापाला डॉबसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव दिलं आहे. ३ मिलिमीटर म्हणजे ३०० डॉबसन एकक.

हा थर ताडपत्रीसारखा अंथरलेला नाही. तो सतत तयार होतो आणि सतत मोडतो. कडक अतिनील किरण ऑक्सिजनच्या रेणूचे दोन तुकडे करतात. सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजनला चिकटला की ओझोन झाला. त्या ओझोननं किरण शोषला की तो पुन्हा मोडतो आणि पुन्हा जुळतो. एखाद्या हौदात नळातून पाणी येतंय आणि तळाला थोडं गळतंय, पण पातळी तेवढीच राहते, असं समजा. माणसानं नळ बंद केला नाही. त्यानं तळाचं छिद्र मोठं केलं.

मजा अशी की सगळ्यात जास्त ओझोन तयार होतो तो आपल्यासारख्या उष्ण पट्ट्याच्या डोक्यावर, कारण ऊन इथंच सरळ पडतं. पण वरचे वारे तो उचलून ध्रुवांकडं नेतात आणि आपल्या डोक्यावरचा थर त्यांच्यापेक्षा पातळ राहतो. पिकतं तिथं विकत नाही, ते असं. त्यात मेच्या मध्यावर मराठवाड्यात सूर्य बरोबर माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळं कुठलंही भोक नसतानाही आपल्याकडं अतिनील किरणांचा मारा जबरच असतो.

तो मारा बघायचा असेल तर शेतात चला. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? प्लॅस्टिकमध्ये काजळीसारखा बारीक कार्बन मिसळलेला असतो. तो अतिनील किरण स्वतः पितो आणि नळी वाचवतो. ज्या साध्या प्लॅस्टिकला असं संरक्षण नसतं, ती ताडपत्री दोन उन्हाळ्यांत बिस्किटासारखी मोडते. तिला उष्णतेनं वितळवलेलं नसतं, अतिनील किरणांनी तिच्या लांब साखळ्या तोडलेल्या असतात. आपल्या पेशींमधल्या गुणसूत्रांतही अशाच साखळ्या असतात. त्या तुटून चुकीच्या जुळल्या की कातडीचा कर्करोग होऊ शकतो. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन आपल्याला बरंच वाचवतं, म्हणून हा आजार गोऱ्या लोकांत जास्त. पण डोळ्यांच्या भिंगाला तसलं कवच नाही. मोतीबिंदूच्या कारणांत अतिनील किरण एक आहेत, आणि जन्मभर रानात राबणाऱ्या माणसाला टोपी, रुमाल किंवा पदर यांचा आडोसा डोळ्यांसाठीही हवा. समुद्रात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीजीव, ज्यांच्यावर माशांचं सगळं जग उभं आहे, त्यांनाही या किरणांचा त्रास होतो.

आता छिद्र मोठं कसं झालं ते. शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू भरत. गळती झाली की माणसं दगावत. १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन जोडून एक नवा वायू या कामासाठी शोधला. तो विषारी नाही, पेटत नाही, कशाशी भांडत नाही. १९३० मध्ये मिजलीनं भर सभेत तो छातीभर ओढून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्तीही याच गृहस्थाची. एका माणसाच्या हातून हवेचं इतकं नुकसान झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि दोन्ही वेळा तो लोकांची अडचणच सोडवत होता.

या कुळातले वायू म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, थोडक्यात सीएफसी. मामेभावाच्या भाषेत 'बारा नंबर'. फ्रीजपासून फवाऱ्याच्या डब्यांपर्यंत, गादीच्या फोमपासून दम्याच्या पंपापर्यंत सगळीकडं ते शिरले. आणि त्यांचा गुणच नडला. कशाशीच भांडत नसल्यामुळं हवेत गेल्यावर ते नष्टच होत नाहीत. पाऊस त्यांना धुऊन खाली आणत नाही. तसेच हिंडत हिंडत काही वर्षांत ते ओझोनच्या थरापर्यंत पोचतात.

इथं मामेभावानं मला अडवलं. "गॅस तर हवेपेक्षा जड राहतो. लीक झाला की फरशीवर बसतो. वर कसा जाईल?" प्रश्न अगदी रास्त. त्यानं वर्षानुवर्षं हाताळलेला बारा नंबर हवेच्या चौपट जड आहे. बंद खोलीत तो खाली बसेल, पण उघड्या आभाळात हवा सतत घुसळली जाते. वावटळीत मातीचे कण वर जातात, आणि रेणू तर त्यांच्यापुढं काहीच नाही. शिवाय हे नुसतं अनुमान नाही. हैदराबादच्या केंद्रातून सोडलेल्या अवाढव्य फुग्यांनी वरच्या हवेचे नमुने बाटल्यांत भरून आणले, आणि त्यात हे वायू सापडले. त्या फुग्यांची यंत्रं पॅराशूटनं जिथं उतरू शकतात, त्या पट्ट्यात आपले काही जिल्हेही येतात.

वर गेल्यावर कडक अतिनील किरण त्या रेणूमधून क्लोरीनचा एक अणू उपटून काढतात. हा सुटा क्लोरीन ओझोनचा एक अणू हिसकावतो, ओझोनचा साधा ऑक्सिजन होतो. मग तो हिसकावलेला अणू दुसऱ्या कुणाला तरी देऊन क्लोरीन पुन्हा मोकळा. पुन्हा नवा ओझोन. खर्च काहीच नाही. असा एक अणू बाद होण्याआधी सुमारे १ लाख ओझोन रेणू मोडू शकतो. हे गणित १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी मांडलं. त्यांच्या आधी १९७० मध्ये पॉल क्रुट्झेन यांनी नायट्रोजनचे ऑक्साइडही असंच करतात हे दाखवलं होतं. तिघांना १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७४ मध्ये मात्र कंपन्यांनी हे सगळं कागदावरचं म्हणून उडवून लावलं होतं.

पुरावा आला तो कुणी कल्पना केली नव्हती तिथून. अंटार्क्टिकावरच्या हॅली या ब्रिटिश तळावर जुन्या पद्धतीच्या डॉबसन यंत्रानं वर्षानुवर्षं ओझोन मोजला जात होता. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांना दिसलं की दर ऑक्टोबरात आकडा कोसळतोय. १९८५ च्या मे महिन्यात त्यांनी ते छापलं. उपग्रहांनीही हे मोजलेलं होतं, पण इतके कमी आकडे चुकीचे असणार, असं समजून बाजूला ठेवले गेले होते. भारतातही हे मोजमाप जुनं आहे. केरळात जन्मलेल्या आणि पुण्याच्या हवामान खात्यात काम केलेल्या अण्णा मणी यांनी फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारं भारतीय यंत्र घडवलं.

पण अंटार्क्टिकाच का? तिथं तर कुणी फ्रीज वापरत नाही. उत्तर थंडीत आहे. तिथल्या सहा महिन्यांच्या रात्रीत वरची हवा उणे ७८ अंशांच्याही खाली जाते आणि एरवी कोरड्या असलेल्या त्या उंचीवर बर्फाचे व आम्लाचे ढग तयार होतात. इतर ठिकाणी बराचसा क्लोरीन निरुपद्रवी संयुगांत बांधलेला असतो. या ढगांच्या कणांवर त्याची ती दावी सुटतात. भोवती वाऱ्यांचा भोवरा असतो, बाहेरची हवा आत येत नाही. सप्टेंबरात सूर्य उगवला की साठलेला क्लोरीन एकदम कामाला लागतो. सुझन सॉलोमन यांनी ही कल्पना मांडली आणि १९८६ मध्ये स्वतः अंटार्क्टिकावर जाऊन मोजमाप केलं. आणि 'भोक' हा शब्दही तसा ढिलाच आहे. थर २२० एककांच्या खाली गेला की त्याला भोक म्हणायचं. म्हणजे आरपार काही नसतं, धोतर विरलेलं असतं.

यानंतर जे झालं ते जगाच्या कारभारात क्वचितच होतं. १६ सप्टेंबर १९८७ ला कॅनडातल्या माँट्रियल शहरात हे वायू कमी करत नेण्याचा करार झाला. १९८५ च्या त्या लेखाला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. भारत लगेच सामील झाला नाही, आणि त्याला कारण होतं. वायू वापरून घरं थंड केली श्रीमंत देशांनी, आता महागडं तंत्रज्ञान विकत घ्यायचं आम्ही, हा कुठला न्याय? १९९० च्या लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण मंत्री मेनका गांधी यांनी हे ठणकावून मांडलं, चीनचीही तीच तक्रार होती. गरीब देशांना पैसा देणारा निधी उभा राहिला, आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. माझ्या मते कराराचं यश इथं आहे. नुसती बंदी घातली असती तर चोरटा धंदा माजला असता. आज जगातला प्रत्येक देश या करारात आहे.

आपल्याकडं २०१० पर्यंत सीएफसी बंद झाले, दम्याच्या पंपातला वायूही बदलला. त्यांच्या जागी तात्पुरता म्हणून आलेला 'बावीस नंबर' ओझोनला बराच कमी बाधतो, पण बाधतो. त्याचा वापर २०३० पर्यंत जवळपास संपवायचा आहे. त्यानंतरच्या पिढीतले वायू, म्हणजे फ्रीज आणि गाड्यांतला १३४ किंवा एसीतला ४१०, यांत क्लोरीनच नाही. ओझोनला त्यांचा त्रास नाही.

आणि इथं ते घामाघूम गिऱ्हाईक थोडं बरोबर ठरतं. हे वायू ओझोन फोडत नाहीत, पण उष्णता जबरदस्त धरून ठेवतात. त्यांच्या आधीचा बावीस नंबरही तसाच. १ किलो हवेत सोडला तर तापवण्याच्या बाबतीत तो सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. म्हणजे साडेसहाशे लिटरपेक्षा जास्त डिझेल जाळल्यासारखं. ४१० तर त्याहूनही पुढं. भिंतीवरच्या एका एसीत साधारण किलोभर गॅस असतो. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत माँट्रियल कराराला जोड दिली गेली आणि हे वायूही कमी करायचं ठरलं. भारतानं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. नव्या घरगुती फ्रीजमध्ये आता बहुतेक आयसोब्युटेन असतो, म्हणजे लायटरमधल्या गॅसचा भाऊ. ओझोनला निर्धोक, तापवणं नगण्य, फक्त पेटतो. मेकॅनिकनं लाइन रिकामी न करता ज्योतीची टॉर्च लावली तर भडका उडेल.

यातून घरच्या कामाची एक गोष्ट निघते. "दर उन्हाळ्याला एसीत गॅस भरावा लागतो" ही समजूत चुकीची आहे. गॅस म्हणजे पेट्रोल नाही, तो संपत नाही. बंद नळीत तोच गोल गोल फिरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. आधी नायट्रोजन मारून, साबणाचं पाणी लावून लीक शोधायचं, मग व्हॅक्यूम करून भरायचं. नुसता गॅस मारून जाणारा माणूस स्वस्त पडतो, पण त्याचा गॅस आभाळात जातो आणि तुमचे पैसे पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा जातात. एसी एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचा असेल, तर नळ्या सोडण्याआधी सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेता येतो. दहा मिनिटांचं काम आहे, करायला सांगा.

लातूरच्या डाळीच्या बाजारातही ही गोष्ट शिरते. धान्यातली कीड मारायला मिथाइल ब्रोमाइडची धुरी देत. त्यातला ब्रोमीन ओझोनच्या बाबतीत अणूला अणू लावून बघितला तर क्लोरीनच्या कितीतरी पट घातक. एरवी त्याचा वापर करारानं संपवला, पण आयात-निर्यातीच्या मालाला कीडमुक्त करण्यापुरती सूट राहिली. परदेशातून बंदरात उतरणाऱ्या तूर-मसूरच्या धुरीचा वाद त्यामुळं अधूनमधून डोकं काढतो.

युरियाची गोष्ट जास्त अवघड. पिकानं न घेतलेला नत्र मातीतले जिवाणू फस्त करतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो. पाऊस पडून गच्च झालेल्या काळ्या रानात, जिथं हवा खेळत नाही, तिथं तो जास्त निघतो. हा वायू शंभराहून अधिक वर्षं टिकतो, वर जाऊन त्याचा काही भाग ओझोन मोडणाऱ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, म्हणजे क्रुट्झेन यांनी १९७० मध्ये सांगितलं होतं तेच. सीएफसी बंद झाल्यामुळं आज माणूस हवेत सोडत असलेल्या वायूंमध्ये ओझोनला सर्वाधिक बाधणारा हाच आहे, हे २००९ मध्ये ए. आर. रविशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आणि तो माँट्रियल करारात नाही. शेतकऱ्याला युरिया बंद कर म्हणणं शक्य नाही, म्हणूही नये. पण एकदाच मुठीनं फेकण्यापेक्षा हप्त्यानं, वाफसा बघून दिला तर नत्र पिकाला जातो आणि पोतंही पुरतं. सोयाबीन-तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतःच धरतात, तरी त्यांनाही सवयीनं युरिया फेकला जातो, हे आपल्या गावागावांत दिसतं.

थर भरून येतोय का? येतोय, पण सावकाश. मोजमापांवरून शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की करार पाळला गेला तर जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५ आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या आसपास तो १९८० च्या पातळीवर येईल. मध्येच गडबड होते. बंदी असलेला एक सीएफसी हवेत अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचं २०१८ मध्ये उघड झालं, माग काढत शास्त्रज्ञ पूर्व चीनपर्यंत पोचले, मग तो पुन्हा उतरला. पहारा चालू असल्यामुळं ते कळलं तरी.

इतका उशीर का, हे मामेभावाला समजावणं सोपं गेलं. तो १९९४ मध्ये नांदेडला उस्तादाच्या हाताखाली शिकला. तेव्हा फ्रीज आला की आधी नळी कापायची, फुस्स आवाज होऊन सगळा बारा नंबर बाहेर, मग दुरुस्ती. "दिवसाला तीन-चार फ्रीज तरी फुस्स करायचो," तो म्हणाला. तो वायू सरासरी १०० वर्षं टिकतो. मी त्याच्या बिलबुकाच्या मागं हिशेब करून दाखवला. तीस वर्षांनंतर त्यातला साधारण पाऊण भाग अजून हवेतच आहे.

तो थोडा वेळ त्या कागदाकडं बघत राहिला. मग गिऱ्हाईकाला म्हणाला, "गॅस नंतर भरू. आधी लीक काढू द्या."

"पण मागच्या सालीही तुम्हीच भरला होता की," गिऱ्हाईक म्हणालं.